लिबरल आर्ट्‌सचं पालक-ओरिएंटेशन: नक्की जा, पण पैशांचे आणि गणेश चवथीचे प्रश्न घरूनच लिहून न्या

आमची मुलगी बारावीनंतर पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्‌सला गेली. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिचं पहिलं सत्र सुरू झालं. त्याच्या आगेमागे विद्यापीठाने आम्हा पालकांसाठी जे जे केलं, त्याबद्दल हे लिहितेय. जूनमध्ये पणजीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगावच्या पालकांची सकाळभराची बैठक झाली. मग मुलांना सोडायला गेलो तेव्हा कॅम्पसवर पालकांसाठी कार्यक्रम झाला. सोबत एक पुस्तिका मिळाली, आणि आता दर महिन्याला ऑनलाइन भेट असते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. लेक अजून तिथे शिकतेय, आणि मला जे खटकलं तेही इथे मोकळेपणी लिहायचंय. ओळखीतल्या ज्यांची मुलं दुसऱ्या अशाच कॉलेजांत गेली त्यांच्याशी बोलले, तर त्यांचाही अनुभव पुष्कळसा असाच निघाला. त्यामुळे नावावाचून काही अडणार नाही.

माझं मत आधीच सांगते. जा. जमलं तर आईवडील दोघंही जा, आणि घरात शिक्षणाचा शब्द आजोबांचा किंवा मामाचा चालत असेल तर त्यांनाही घेऊन जा. जिथे त्यांनी आम्हाला प्रत्यक्ष शिकवून दाखवलं, तिथे हा कार्यक्रम उत्तम झाला. जिथे नुसत्या स्लाइडा लावून सांगत बसले, तिथे पालकांच्या हाती काही लागलं नाही. पैशांचा विषय तर जवळजवळ काढलाच नाही.

मी फोंड्याची. एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचं आणि कर्जाच्या फायलींचं काम करते. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्याकडे पोर हुशार निघालं की त्याचा रस्ता ठरलेला असतो, फर्मागुढीची टेकडी. १९६७ साली सुरू झालेलं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय तिथेच आहे आणि २०१६पासून आयआयटी गोवाही त्याच आवारात आहे. नाहीतर मग बांबोळीचं मेडिकल कॉलेज. सायन्सला चांगले मार्क घेतलेली मुलगी इतिहास, अर्थशास्त्र आणि पर्यावरण एकत्र शिकायला परराज्यात जाते, आणि त्यासाठी वर्षाला काही लाख रुपये मोजायचे, हे लोकांच्या पचनी पडत नाही. सासूबाईंपासून दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा: बीए करायला पुण्याला कशाला? फोंड्यात कॉलेजं नाहीत? प्रश्न रास्त आहे. मला त्याचं नीट उत्तर हवं होतं, आणि पणजीच्या बैठकीला मी त्यासाठीच गेले.

सुरुवात निराश करणारी होती. ड्रोनने काढलेला कॅम्पसचा व्हिडिओ, हिरवळीवर हसणारी मुलं, आणि प्रत्येक स्लाइडवर सर्वांगीण विकास. माझ्या शेजारी पेडण्याचे एक आजोबा नातवासाठी आले होते. ते शांतपणे चष्मा पुसत बसले होते.

मग एक प्राध्यापिका उभ्या राहिल्या. त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला आणि पांढऱ्या फळ्यावर एक नदी काढली. वर खानापूर तालुका, तिथे उगम. मग सत्तरीत उतरणारी रेघ आणि शेवटी पणजीला समुद्र. खाली नाव लिहिलं, म्हादई, म्हणजे खाली आल्यावर आपली मांडवी. बाजूला तिच्या पाणीवाटपाच्या लवादाच्या निवाड्यातले आकडे मांडले: कर्नाटक १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्र १.३३, गोवा २४. लवाद २०१०मध्ये नेमला गेला, निवाडा ऑगस्ट २०१८मध्ये आला. मग त्यांनी विचारलं, ‘हा निवाडा बरोबर की चूक हे ठरवायचं असेल, तर आपल्याला काय काय माहीत असायला हवं?’ बरोबर की चूक ते कुणी सांगायचं नव्हतं. काय माहीत हवं, तेवढंच सांगायचं होतं.

थोडा वेळ कुणी बोलेना. मग सत्तरीचे एक बागायतदार म्हणाले, एप्रिल-मे महिन्यात नदीत पाणी किती उरतं ते कळायला हवं. बेळगावच्या एका बाबांनी हात वर केला. हुबळी-धारवाडला पिण्यासाठी पाणी किती लागतं, आणि तिथे दुसरी सोय आहे का? एक वकीलबाई होत्या, त्यांनी १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदा काढला. कुणीतरी म्हणालं, नदीत पाणी किती वाहतं ते मोजलं कुणी, आणि किती वर्षं मोजलं? मी ओपाचं सांगितलं. आमच्या नळाला ओपाचं पाणी येतं. ओपा खांडेपार नदीवर आहे आणि खांडेपार पुढे मांडवीला मिळते. तेव्हा खोऱ्यातल्या कुठल्या फाट्यावर काय परिणाम होणार हे वेगवेगळं बघावं लागेल. मागच्या रांगेतल्या तिसवाडीच्या एक बाई त्यापुढे गेल्या. वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी नदीत आणखी आत शिरतं. मग खाजन शेतांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवायची दारं, यांचं काय होणार?

मॅडम एकेक मुद्दा फळ्यावर लिहून घेत होत्या, पण वेगवेगळ्या जागी. शेवटी त्यांनी प्रत्येक झुबक्याभोवती गोल काढला आणि त्यावर नाव लिहिलं: जलविज्ञान, कायदा, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, लोकांशी बोलून माहिती गोळा करण्याची पद्धत. मग म्हणाल्या, पहिल्या वर्षी तुमचं मूल यातल्या प्रत्येक गोलात थोडं थोडं शिकेल. पुढची तीन वर्षं एका गोलात खोल जाईल, पण बाकीच्या गोलातल्या माणसांचं म्हणणं त्याला समजेल.

एव्हाना सत्तरीचे बागायतदार आणि बेळगावचे बाबा यांची जुंपली होती. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही, एक अट घातली. आधी समोरच्याचं म्हणणं अशा शब्दांत मांडायचं की तो म्हणेल, होय, मी हेच म्हणतोय. त्यानंतरच स्वतःचं बोलायचं. दोघांनाही ते पहिल्या फटक्यात जमलं नाही. दुसऱ्या वेळी बेळगावच्या बाबांनी सत्तरीवाल्यांचा मुद्दा इतका नेमका मांडला की हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दोघांचं एकमत झालं नाही, ते व्हावं असं कुणाचं म्हणणंही नव्हतं.

ह्या तासाभरासाठी मी हा कार्यक्रम कुणालाही सुचवेन. घरी आल्यावर सासूबाईंना सांगायला माझ्याकडे नदी होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी त्यांनीच आमच्या नणंदेला समजावून सांगितलं.

चार वर्षांचा आराखडाही मॅडमनीच फळ्यावर मांडला. तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आपल्या गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांतही क्रेडिट, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) हेच शब्द आले आहेत. साधा हिशेब असा. आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रात साधारण १५ तास वर्गात शिकवलं की एक क्रेडिट होतं, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय मिळतो. चार वर्षांच्या पदवीनंतर एमए एका वर्षात करता येतं. एक वर्ष करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. हे क्रेडिट मुलाच्या नावावर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. त्या खात्यावर आधार आणि मार्कशीटवरचं नाव सारखं आहे ना, ते जायच्या आधी तपासा. कर्जाच्या फायलींमध्ये नावाच्या एका अक्षरावरून लोकांचे हेलपाटे झालेले मी रोज बघते.

मेजर कधी ठरवायचा, हा सगळ्यांचा प्रश्न होता. तिथे तो तिसऱ्या सत्राच्या शेवटी जाहीर करतात. तोवर घरातून रेटा लावू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते पटलं. आमची लेक अर्थशास्त्र म्हणून गेली होती. आता ती भूगोलाच्या वर्गाबद्दल जास्त बोलते. बोलू दे.

दुसरी चांगली गोष्ट चहानंतर झाली. प्रत्येक खुर्चीवर दोन कागद ठेवले होते. आधीच्या एका गोव्याच्या विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षातला निबंध, त्याच्या परवानगीने, नाव काढून. विषय होता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पहिल्या कागदावर पहिला खर्डा आणि वर ग्रेड, बी मायनस. निबंधाची सुरुवात अशी की बाजार हा गावाचा प्राण असतो, तिथे सर्व धर्मांचे लोक एकत्र येतात वगैरे. शाळेत याला पैकीच्या पैकी मार्क पडले असते. इथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘हे कुणी म्हटलं?’ त्याखाली: ‘हे तू पाहिलंस की ऐकलंस?’ दुसऱ्या पानावर एका ओळीला बाण काढून: ‘तुझा निबंध इथून सुरू होतो. याच्या वरचं सगळं काढ.’ ती ओळ मिरच्या विकणाऱ्या एका बाईची होती. तिने सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, भरल्याची पावती दाखवली, असं त्या मुलाने जाता जाता लिहिलं होतं.

दुसरा कागद म्हणजे सुधारलेला खर्डा. तो त्या पावतीपासूनच सुरू होत होता. सोपो कोण गोळा करतं, तो कशावर ठरतो, जमिनीवर बसणाऱ्या बाईला किती आणि गाळेवाल्याला किती, ते पैसे जातात कुठे. मुलगा तीनदा बाजारात जाऊन लोकांशी बोलून आला होता. वाचताना मला तो बाजार नव्याने दिसला, आणि म्हापशाला तर मी लहानपणापासून जाते.

मग तिथल्या लेखन केंद्राच्या सरांनी सांगितलं की नव्वद टक्क्यांच्या मुलांनासुद्धा पहिल्या सत्रात असे बी मायनस मिळतात. मूल रडत फोन करतं आणि पालक ताबडतोब शिक्षकांना ईमेल धाडतात. तसं करू नका, समासात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे अगदी तसाच फोन आला. मी म्हटलं, बाय, सरांनी काय लिहिलंय ते वाच बघू. तिने वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज हळूहळू बदलला, आणि दुसऱ्या दिवशी ती सरांच्या ऑफिस अवर्सना गेली. ऑफिस अवर्स म्हणजे शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या वेळी मुलांसाठी खोलीत बसतात ते. आपल्या मुलांना शिक्षकाच्या खोलीत बोलावणं आलं की काहीतरी चुकलंय असंच वाटतं. तिथे पाहिजे तेव्हा जायचं असतं, त्यासाठीच ती वेळ ठेवलेली असते, हे पोरांना घरून दोनदा सांगून पाठवा.

निबंध मुलाचा मुलानेच लिहायचा, हेही त्यांनी ठासून सांगितलं. घरून दुरुस्त करून द्यायचा नाही, एआयकडून लिहून घ्यायचा नाही, आणि दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कुणाचं ते लिहायचं. न लिहिता घेतलं तर ती चोरी धरतात आणि त्याची नोंद राहते.

नोकरीचा प्रश्न येणारच होता. डिचोलीच्या एका आईने तो कोकणीतच विचारला: ‘आनी तिका नोकरी खंय मेळटली?’ यावर प्लेसमेंटच्या साहेबांनी कंपन्यांच्या लोगोंची स्लाइड दाखवली. त्या आईचं त्याने समाधान झालं नाही, माझंही नाही. त्यांच्यापेक्षा त्याच प्राध्यापिकाबाईंनी नंतर चहाच्या टेबलाशी जास्त खरं सांगितलं. वकील व्हायचं तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे. स्पर्धा परीक्षांना कुठलीही पदवी चालते. शिक्षक व्हायचं तर बीएड लागेल. मानसशास्त्र घेतलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्यासाठी पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे पुष्कळ वाटांवर चार वर्षांनंतरही खर्च आहे, तो आत्ताच मनात धरा. हे सगळं व्यासपीठावरून सांगायला हवं होतं. चहाच्या टेबलाशी ते ऐकायला जेमतेम सातआठ जण होते.

गुणपत्रिकेच्या मुद्द्यावर हॉल तापला. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याचे मार्क, हजेरी, शिस्तीच्या नोटिसा यांपैकी काहीही पालकांना परस्पर कळवणार नाही, मुलाने संमतीपत्र भरलं तरच कळवू, असा तिथला नियम आहे. अमेरिकेत १९७४पासून यासाठी वेगळा कायदाच आहे, आणि अशा विद्यापीठांनी पुष्कळ रीतीभाती तिकडूनच घेतल्या आहेत. फी आम्ही भरायची आणि मार्क आम्हाला कळायचे नाहीत? असं विचारणाऱ्यांत माझे यजमानही होते आणि त्यांचा आवाज मोठा आहे. मला नियम योग्य वाटतो. ज्या मुलीला आपण मतदानाचा हक्क आहे म्हणतो, तिच्या मार्कांचा कागद तिच्या पाठीमागे मागवायचा, हे बरं दिसत नाही. आम्ही तिच्याशी बोललो आणि तिने आपणहून संमतीपत्रावर सही केली. आजारपण, अपघात किंवा जिवाला धोका असेल तर संमती असो नसो, तासाभरात घरी फोन जातो, हे त्यांनी लेखी दिलंय. ते मात्र प्रत्येकाने आपापल्या कॉलेजकडून लेखी घ्यावं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार भाषेची. पणजीत, गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या पालकांसमोर, पूर्ण सकाळ इंग्रजीत झाली. नदीचा तास तेवढा अपवाद. तिथे मॅडमनी सांगितलं की ज्याला जे जमेल त्या भाषेत बोला, आणि बघा, सगळ्यात जास्त लोक तिथेच बोलले! बाकी वेळ आया गप्प बसून होत्या. पेडण्याच्या आजोबांनी मला हळूच विचारलं, ‘ताई, मेजर म्हणजे लष्करातला नव्हे ना?’ मी समजावलं. पण हे काम माझं नव्हतं. ज्या माणसाने पेन्शनमधून नातवाची फी भरायची तयारी ठेवलीय, त्याला त्याच्या भाषेत चार पानं मिळायला हवीत. मराठीत आणि कोकणीत पुस्तिका छापायला त्या फीच्या मानाने काहीच खर्च नाही.

दुसरी तक्रार पैशांची, आणि ही मी कामाच्या अनुभवावरून करतेय. पहिल्या वर्षाची फी सगळ्यांना माहीत होती. पण पुढच्या तीन वर्षांत ती किती वाढणार? अनामत रक्कम कुठली, परत कधी मिळणार? सुट्टीत वसतिगृहात राहिलं तर मेसचे वेगळे पैसे का? अभ्यास सहलींचा खर्च फीमध्ये आहे की बाहेर? यावर उत्तर एकच, ईमेल करा. कर्ज काढणाऱ्या घराला हे चालत नाही. बँक कर्ज मंजूर करते ते पूर्ण अभ्यासक्रमाच्या खर्चावर, आणि पैसे सत्रासत्राला थेट संस्थेला देते. चार वर्षांचा खर्चाचा तक्ता संस्थेच्या लेटरहेडवर नसेल तर पहिल्या वर्षापुरतं कर्ज होतं आणि तिसऱ्या वर्षी माणूस दागिने घेऊन आमच्या काउंटरवर उभा राहतो. अशी माणसं मी बघितली आहेत.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, कारण त्याला सरकारी हमी योजनेचं छत्र असतं. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर ते दर महिन्याला भरत राहा. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांच्या यादीपुरतीच आहे. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे प्रवेशाच्या आधी बघा. भरलेल्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, तीही जुन्या करपद्धतीत राहिलात तरच. आणि मूळ मार्कशीट तपासून झाली की लगेच परत घ्या. संस्थेला ती ठेवून घेता येत नाही, यूजीसीचा तसा नियम आहे. यातलं एक अक्षरही त्या बैठकीत निघालं नाही. स्थानिक बँकेचा एक माणूस अर्ध्या तासासाठी बोलावला असता तरी पुरे होतं.

तिसरी तक्रार चवथीची. बाहेरच्या माणसाला ती क्षुल्लक वाटेल, पण गोव्याच्या घराला नाही. २०२५ची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणजे सत्र सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झालेले. विद्यापीठाच्या कॅलेंडरात एकच सुट्टी, आणि त्याच आठवड्यात एका विषयाची चाचणी. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला सगळं घर लागतं. आंबाडे, कांगलां, नारळाचा घड कुठे बांधायचा ते दर वर्षी लेकच ठरवायची. शिवाय रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या अखेरीस, आणि कॅलेंडर हातात पडलं जुलैत. तोवर गोवा एक्स्प्रेस भरलेली, आणि चवथीच्या तोंडावर खासगी बसवाल्यांचे दर काय होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. चवथीला घरी यायचं तर काय करायचं, हे जूनमधल्या पणजीच्या बैठकीतच मी उठून विचारलं होतं. उत्तर मात्र कामाचं मिळालं. सणासाठी यायचं असेल तर मुलाने पहिल्याच आठवड्यात त्या त्या शिक्षकाला स्वतः ईमेल करावी, चाचणीची दुसरी तारीख बहुतेक मिळते. पालकांनी करायची नाही. लेकीने तशी ईमेल केली, शिक्षकांनी तारीख बदलून दिली आणि ती चवथीला घरी आली. पण हे मी विचारलं म्हणून कळलं. कॅलेंडर मेमध्ये दिलं तर निम्मा त्रास वाचेल.

कॅम्पसवरच्या कार्यक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वसतिगृह स्वच्छ आहे, वॉर्डनबाई समजूतदार वाटल्या. मेसमध्ये भात मिळतो, मासे अर्थातच नाहीत. निरोपाची वेळ त्यांनी छान सांभाळली. दुपारी मुलांची पहिली गटबैठक ठेवली, त्यामुळे निरोप लांबला नाही आणि मुलं एकटी खोलीत बसून राहिली नाहीत. समुपदेशकांनी पहिल्या सहा आठवड्यांत काय काय होऊ शकतं ते सांगितलं: झोप उडणं, जेवण टाळणं, दर शनिवारी घरी यायचा हट्ट. यातलं काय आपोआप जातं आणि कशासाठी त्यांना फोन करायचा, हा फरक त्यांनी उदाहरणं देऊन सांगितला. ते बोलणं चांगलं होतं. वीस मिनिटांत गुंडाळलं याचं वाईट वाटलं.

पुस्तिका गुळगुळीत कागदाची आणि देखणी आहे. तिचं शेवटून दुसरं पान फाडून फ्रिजवर लावण्यालायक आहे. कुठल्या कामाला कुणाला फोन करायचा, ते सगळं तिथे एका जागी आहे: वॉर्डन, शैक्षणिक सल्लागार, समुपदेशन, फी विभाग, रात्रीचा आपत्कालीन नंबर. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइनही तिथेच आहे, १८००-१८०-५५२२. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र मुलाने आणि पालकाने दोघांनीही भरायचं असतं, ते वाचून भरा. बाकी पानं वेबसाइटवर आहेत तीच.

महिन्याची ऑनलाइन भेट सध्या तरी वेळ घालवणारी आहे. संध्याकाळी सातला, म्हणजे दुकान बंद व्हायच्या आधी, आणि अर्धा वेळ घोषणांत जातो. रेकॉर्डिंग मिळतं, ते दीडपट वेगाने ऐकते. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप विद्यापीठाचा नव्हे, पालकांनीच काढलेला. तिथे एखाद्या मुलाला ताप आला की शंभर मेसेज येतात. मी त्याचा आवाज बंद करून ठेवलाय आणि मुलीशी थेट बोलते.

एकूण पाचपैकी साडेतीन. नदीचा तास आणि तो निबंध यांना पूर्ण पाच, पैशांच्या भागाला शून्य. तुमच्या मुलाचं कॉलेज असा काही तास ठेवणार नसेल, तर प्रवेशाच्या आधी एका वर्गात मागे बसायची परवानगी मागा. बरीच कॉलेजं देतात, आणि तिथे तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

डिसेंबरमध्ये मी विद्यापीठाला तीन मागण्यांचं पत्र पाठवलं: मराठी-कोकणी पुस्तिका, मेमध्ये कॅलेंडर आणि चार वर्षांच्या खर्चाचा तक्ता. पत्रावर फोंडा, डिचोली, सावंतवाडी आणि बेळगावच्या पालकांच्या सह्या होत्या. पेडण्याच्या आजोबांची सही सगळ्यात वर. पुस्तिकेबद्दल होकार आला आहे, आणि शब्दसूचीचं मराठी आम्ही काही पालकांनी करून दिलंय. कॅलेंडर लवकर द्यायचा प्रयत्न करू, असं उत्तर आलं. खर्चाचा तक्ता अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय दुसऱ्या सत्राच्या फीची पावती फाइलला लावून गप्प बसायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.